मुक्कामाची चप्पल: किती हलकी घ्यावी? (जुलैत पन्हाळा–पावनखिंड, सप्टेंबरात हिमालय)

निसरडी_वाट (सोमवार, रात्री ९:१२)
जुलैत पन्हाळा ते पावनखिंड करायचं आहे, दोन दिवस, मुक्काम करपेवाडीत. सप्टेंबरात हम्पता पास. चालायचे बूट ठरलेत, त्यावर चर्चा नको. प्रश्न आहे तो बूट काढल्यानंतरचा. संध्याकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंत पायात काय घालायचं?

अटी अशा: जोडी ३०० ग्रॅमच्या आत, पाणी न पिणारी, मोज्यावर घालता येणारी आणि ५०० रुपयांच्या आत. डोळ्यासमोर हवाई, पट्टीची (अंगठा नसलेली, वरून आडवी पट्टी) ईव्हीए फोमची चप्पल, क्रॉक्ससारखे क्लॉग आणि फ्लोटर आहेत. एकच जोडी दोन्हीकडे चालेल का? आणि "काही नको, अनवाणी फिरा" म्हणणाऱ्यांनी कारणासकट म्हणावं.

तांबडापांढरा (९:२०)
कोल्हापुरात राहून चपलेसाठी धागा काढायची वेळ आली, काय दिवस आलेत भावा! चप्पल लाईनीत जा, कापशी कोल्हापुरी घे, करकर वाजवत खिंडीत उतर. सिद्दीचा वेढा आवाजानंच फुटंल.

चामड्याचा_हिशोब (९:४१)
हसून झालं असेल तर कोणी खरंच तसं करू नये म्हणून लिहितो. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. वर रंगाचा जाड थर नसतो, त्यामुळं ते श्वास घेतं आणि म्हणूनच पाणीही पितं. बुडाला चामड्याचे थर असतात आणि शिलाई चामड्याच्याच वादीची. भिजलं की थर फुगतात, वादी सैल पडते. उन्हात वाळवलं की कडा वर वळतात आणि चप्पल होडीसारखी होते. पावसाळ्यात दोन दिवस पिशवीत राहिली तर बुरशी धरते. शिवाय ओल्या चामड्याचा तळ शेवाळलेल्या दगडावर अजिबात धरत नाही.

२०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. हे मानांकन कारागिरीचं आहे, चिखलाचं नाही. लग्नात घाला, गणपतीत घाला, वाटेतल्या मसाई पठारावर जुलैत नको.

तांबडापांढरा (९:४४)
दादा, माझा विनोदपण भिजून फुगला.

सोलवाला (१०:०५)
आधी काम ठरव, मग चप्पल आपोआप ठरते. मुक्कामाच्या चपलेकडून लोक तीन वेगवेगळी कामं मागतात आणि तिन्ही एकाच जोडीकडून मागतात, तिथं गोंधळ होतो.

पहिलं काम पायांना सुट्टी. दिवसभर ओल्या बुटात कोंडलेला पाय रात्रभर वाळला पाहिजे. यासाठी १५० ग्रॅमची कुठलीही उघडी चप्पल पुरते. दुसरं काम पाण्यात उतरणं. इथं टाचेला पट्टा नसेल तर चप्पल घेऊन उपयोग नाही, ती तुझ्याआधी पुढच्या गावात पोचेल. तिसरं काम बुटाला पर्याय, म्हणजे वाटेत सोल निघाला तर उरलेली वाट तिच्यावर काढायची. हे काम फक्त चांगल्या तळाची फ्लोटर करते आणि तिचं वजन ६०० ते ८०० ग्रॅम.

पन्हाळा–पावनखिंडीला पहिलं काम पुरे. हम्पताला पहिलं आणि दुसरं. तिसऱ्यासाठी चप्पल नेऊ नकोस, बूटच निघण्याआधी तपास. त्यावर नंतर लिहितो.

करवंदीची_जाळी (१०:१८)
सोलवाला काकांशी सहमत, पण पहिल्या कामात एक गोष्ट राहिली. रात्री बाहेर जाणं. वाडीत संडास घरापासून लांब असतो, नाहीतर सरळ रान. पाऊस, अंधार, गवत, त्यात विंचू-इंगळी. अंगठ्याची चप्पल तिथं बोटं उघडी टाकते. पुढून बंद असलेला क्लॉग हाच मला शहाणपणाचा वाटतो. विजेरी मात्र हातात नको, डोक्यावर हवी.

सकाळी बूट असो की क्लॉग, घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटायचा. रात्री बुटाच्या तोंडात मोजे कोंबून ठेवले तर आत काही शिरत नाही, पण ओले मोजे कोंबाल तर बूट वाळणार नाही. जुनं सुती फडकं कोंबा.

गगनबावडा_एक्सप्रेस (१०:३०)
अनवाणी पक्षातर्फे: करपेवाडीला मुक्काम घरात नाहीतर शाळेत. आत चप्पल घालतच नाहीत. बाहेर किती वेळ जाणार, अर्धा तास? त्यासाठी ३०० ग्रॅम? बूट फीत न बांधता घालायचे, जाऊन यायचं.

सोलवाला (१०:३७)
भावा, ओला बूट परत घातलास की वाळलेला पाय परत ओला. आणि फीत न बांधता टाच दाबून बूट वापरला की मागचं कडक टाचकूट मोडतं. ते मोडलं की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला. कोरड्या ऋतूत, एका रात्रीसाठी तुझं म्हणणं मान्य. जुलैत नाही.

पांढरे_पाय (१०:५२)
अनवाणीवाल्यांना कारण पाहिजे होतं, हे घ्या: चिखल्या. दिवसभर ओल्या मोज्यात पाय राहिला की कातडी पांढरी पडते, सुरकुतते, मऊ होते. अशी कातडी बोटांच्या बेचक्यात फाटते आणि तिथं बुरशी बसते. अनवाणी ओल्या अंगणात फिरलात तर ती वाळतच नाही.

बूट काढल्यावर पाय स्वच्छ पाण्यानं धुवायचे, बेचक्यात फडकं घालून एकेक बोट टिपायचं, मग वीसेक मिनिटं काहीच न घालता पाय नुसते उघडे ठेवायचे. नंतर कोरडे मोजे, आणि हे मोजे फक्त झोपायचे. ते सकाळी बुटात जात नाहीत, कितीही मोह झाला तरी. पावडर चिमूटभर. जास्त घातली तर घामात तिचा गोळा होतो आणि तोच घासतो. व्हॅसलिन सकाळी चालायच्या आधी लावायचं, रात्री नाही, रात्री कातडीला हवा पाहिजे. चिखल्या आधीच असतील तर क्लोट्रिमॅझोलचं मलम बेचक्यात, पाय कोरडा करून.

आणि एकमेकांच्या चपला घालू नका. बुरशी मैत्री बघत नाही.

ग्रॅममोजणी (११:१०)
आता आकड्यांवर येऊ. ९ नंबरच्या जोडीची साधारण वजनं अशी पडतात: हॉटेलात मिळणारी पांढरी कापडी चप्पल ५० ते ८०, पट्टीची ईव्हीए २०० ते ३००, रबरी हवाई ३०० ते ४००, क्लॉग २८० ते ४००, फ्लोटर ६०० च्या पुढं. एकाच प्रकारात शंभर ग्रॅमचा फरक निघतो म्हणून दुकानात डिजिटल काटा घेऊन जा. लोक हसतील, हसू देत. खिशात मावणारा काटा मिळतो.

हॉटेलची चप्पल वजनाला स्वर्ग, पाण्यात नरक. एकदा ओल्या फरशीवर पडली की लगदा.

दुसरी कसोटी पाण्याची. ईव्हीए म्हणजे बंद पेशींचा फोम. त्यातला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असतो, पाणी एकातून दुसऱ्यात जात नाही. पण "ईव्हीए" लिहून वर कापडी किंवा मऊ स्पंजचं अस्तर चिकटवलेल्या चपला भरपूर मिळतात आणि सगळं पाणी ते अस्तर पितं. घरी आणल्यावर कोरडं वजन कर, बादलीत पंधरा मिनिटं बुडव (वर वीट ठेव, नाहीतर तरंगत राहील), बाहेर काढून तीनदा झटक, परत वजन कर. दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर ते पृष्ठभागावरचं पाणी, फडक्यानं जाईल. शंभराच्या आसपास वाढलं तर ती चप्पल बाथरूमच्या दारात ठेव, सॅकमध्ये नको. दुकानात पाण्याची सोय नसते, तिथं नखानं अस्तराची कड उचलून बघ. उचलली गेली तर चिकटवलेलं आहे.

निसरडी_वाट (११:२२)
हवाई बादच मग? घरात पडून आहे, फुकट आहे.

ग्रॅममोजणी (११:२६)
फुकट वजन पण वजनच. पण बाद नाही. रबराचा तळ ओल्या शहाबादी फरशीवर आणि गुळगुळीत दगडावर ईव्हीएपेक्षा चांगला धरतो. ईव्हीएचा तळ एकदा घासून गुळगुळीत झाला की सारवलेल्या ओल्या अंगणात बर्फावर असल्यासारखा सरकतो. जांभ्यावर तेवढा त्रास नाही, जांभा खरखरीत असतो. काळ्या कातळावर शेवाळ असेल तर मात्र दोन्ही सारखेच.

हवाईची खरी अडचण अंगठ्याची. मोजे घालून अंगठा जात नाही.

करवंदीची_जाळी (११:३१)
बायका अंगठ्याचे मोजे वापरतात की! स्कूटीवर जाताना घालतात ते. पण बहुतेक पातळ असतात, सह्याद्रीत ठीक, हिमालयात गारठाल. जाड लोकरी मोज्याला अंगठा वेगळा शिवून घ्यायचा तर शिवण बरोबर बेचक्यात येते आणि टोचते. त्यापेक्षा पट्टीची घ्या.

तांबडापांढरा (११:३३)
नुसता मोजा घालून वर हवाई घातली की मोज्याची जी गुंडाळी अंगठ्याजवळ होते, ती बघून पाव्हणे लग्न मोडतात.

आरीदोरा (मंगळवार, सकाळी ७:५०)
हवाई नेणार असाल तर एक दुरुस्ती शिकून घ्या. हवाई तुटते ती नेहमी पुढं, अंगठ्याच्या भोकातून पट्ट्याचं बोंड वर निघून येतं. भोक मोठं झालेलं असतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या, मधोमध तापलेल्या खिळ्यानं बोंडाच्या दांडीएवढं भोक पाडा, एका बाजूनं कडेपर्यंत चीर द्या. बोंड खाली ओढायचं, झाकण चिरेतून दांडीवर सरकवायचं, म्हणजे तळ आणि बोंड यांच्यामध्ये झाकण बसतं. आता बोंड वर येऊ शकत नाही. झाकणाची सपाट बाजू तळाला लागली पाहिजे. कडा कापून टाकल्यात तर टोचत नाही. सेफ्टी पिन आडवी घालूनही काम होतं, पण ती चिखलात उघडली तर पायात जाते.

नवखा_मावळा (८:१५)
१६६० ला मावळ्यांनी कॅम्प शूज नेले होते का? आपण उगाच लाड करतोय.

गगनबावडा_एक्सप्रेस (८:२१)
अरे १२ जुलैच्या त्या रात्री मुक्कामच नव्हता. वेढा फोडून भर पावसात पालखी खांद्यावर घेऊन सरळ धाव, १३ ला घोडखिंडीत लढाई. मुक्कामाची चप्पल मुक्काम करणाऱ्याला लागते. आपण करपेवाडीत पिठलं-भाकरी खाऊन झोपणारी माणसं.

सोलवाला (८:४०)
बरोबर. आणि तुलना करू पण नये.

आता पाण्याचं. काल एकजण व्यक्तिगत निरोपात विचारत होता की ओढ्यात बूट काढून क्लॉग घालायचे का. पन्हाळा–पावनखिंडीच्या वाटेवर जुलैत एवढे ओढे-ओहोळ आहेत की प्रत्येक ठिकाणी बूट काढत बसलात तर दुसऱ्या दिवशी रात्रीपण खिंडीजवळचं पांढरेपाणी गाव येणार नाही. शिवाय दोन ओढ्यांच्या मध्ये भाताची खाचरं. तिथं बांध सोडून चिखलात पाय गेला की क्लॉग चिखलातच राहतो आणि पाय वर येतो, कारण मोकळ्या टाचेखाली चिखल चोखून धरतो. बूट भिजणारच हे मान्य करून सरळ बुटासकट जायचं. मुक्कामाची चप्पल सॅकमध्ये, पिशवीत, कोरडी. तिची सगळी किंमत कोरडेपणात आहे.

हिमालयात उलटं. हम्पताला शिया गोरूजवळ ओढा पार करायचा असतो, पाणी बर्फाचं. तिथं बूट भिजला तर त्या थंडीत दुसऱ्या दिवशीपण वाळत नाही आणि ओल्या बुटात बर्फाळ उतारावर पाय बधिर होतो. म्हणून बूट गळ्यात आणि पायात टाचपट्टा असलेली चप्पल. अनवाणी अजिबात नाही. पाणी इतकं गार असतं की मिनिटा-दोन मिनिटांत तळवा कळेनासा होतो, दगडाची धार लागली तरी समजत नाही. पट्टा सुटतोय हेही तेव्हा पायाला समजत नाही, ते आधी काठावर बघायचं.

बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी कमी असतात, दुपारी ऊन लागलं की चढतात. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून उतरायचं, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. तोंड प्रवाहाकडे तिरकं, काठी वरच्या बाजूला, एका वेळी एकच आधार हलवायचा.

निसरडी_वाट (९:०५)
म्हणजे क्लॉगच. पण क्लॉगचा मागचा पट्टा भरवशाचा असतो का? तो नुसता फिरतो.

आरीदोरा (९:३०)
फिरतो कारण तो दोन प्लॅस्टिकच्या रिव्हेटवर बसलेला असतो आणि केवळ घर्षणानं जागेवर राहतो. स्वस्तातल्या क्लॉगला हाच रिव्हेट पहिल्यांदा तुटतो. तुटला की त्या भोकातून केबल टाय ओवायचा, पट्टा आणि क्लॉग दोन्हीतून, आणि आवळायचा. शेपूट कापताना कड धारदार राहते, ती घोट्याकडे न येता बाहेर येईल अशी गाठ बाहेरच्या बाजूला फिरवायची. चार केबल टाय सॅकमध्ये, वजन नगण्य.

पट्टीच्या चपलेला टाचपट्टा स्वतः लावता येतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, गोल भोक. कात्रीनं चीर देऊ नका, चिरेच्या टोकाला ताण साठतो आणि फोम तिथूनच फाटत जातो. गोल भोकात ताण वाटला जातो. मोच्याकडं पट्ट्याला भोकं पाडायची नळी असते, दोन मिनिटांत पाडून देतो, वर आयलेट (भोकाची धातूची कडी) बसवून घेतलं तर अजून बरं. त्यातून सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी टाचेमागून फिरवायची, दोन्ही टोकं भोकातून बाहेर काढून गाठ. ताण एवढाच की टाचेमागं एक बोट जाईल. जास्त ओढलीत तर पट्टी पुढं सरकून बोटं चपलेच्या बाहेर येतात. मोजे घालून मापा, कारण घालणार मोज्यावरच.

इलास्टिकपेक्षा ट्यूब चांगली. शिवणकामातलं इलास्टिक पाणी पितं आणि ओलं झालं की ढिलं पडतं.

करवंदीची_जाळी (९:४८)
मापाचं अजून एक. चप्पल संध्याकाळी घ्यायला जावं. दिवसभर चालून पाय सुजतो, सकाळी बरोबर बसलेला क्लॉग रात्री चावतो. जाड मोजे घालूनच घालून बघा. उतारावर अंगठ्याचं नख मार खाऊन आलेलं असतं, म्हणून पुढं अंगठा आणि भिंत यात बोटभर जागा पाहिजे. आणि बायकांनो, क्लॉग बहुतेक पुरुषांच्या रुंदीचे असतात. अरुंद पायाला एक नंबर लहान घेण्यापेक्षा बरोबर नंबर घेऊन टाचपट्टा पुढं आणलेला बरा.

पाव_किलो_मीठ (१०:१०)
चप्पल सोडून विचारतो. ओल्या बुटात कोरडे मोजे घालायचे असतील तर दुधाची पिशवी घालतात म्हणे पायात? गोकुळची भरपूर साठलीय.

ग्रॅममोजणी (१०:२४)
एक लिटरची पिशवी सपाट ठेवून मोज, रुंदी दुप्पट केलीस की घेर मिळतो. मग टेप पायाच्या वरच्या वळणापासून टाचेच्या खालच्या टोकापर्यंत तिरका फिरव, मोठ्या माणसाचा हा घेर ३२ ते ३५ सेंटिमीटर भरतो. पिशवी तिथंच अडते आणि ओढलीस तर जोडावर फाटते. ब्रेडची मोठी पिशवी घे. कोरडा मोजा, वर पिशवी, मग बूट. दोन-तीन तास ठीक, दिवसभर नको, आतला घाम बाहेर जात नाही आणि पाय घामानंच भिजतो. मुक्कामावर ओल्या बुटात नाइलाजानं पाय घालायचा असेल तेव्हाचा हा उपाय.

पाव_किलो_मीठ (१०:२६)
म्हणजे गोकुळची चहालाच.

तांबडापांढरा (१०:२७)
बासुंदीला.

सोलवाला (दुपारी १:१५)
काल म्हटलं होतं ते बुटाचं. वाटेत सोल निघण्याचं मोठं कारण चाल नाही, साठवण आहे. बऱ्याच ट्रेकिंग बुटांत मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणानं तो आतल्या आत कुजतो, भुगा होतो. कपाटात पाच-सात वर्षं न वापरता पडलेला, वरून नवाकोरा दिसणारा बूट पहिल्याच चढाला सोल सोडतो. वापरातला बूट त्या मानानं टिकतो. निघण्याआधी पंधरवडाभर आधी अंगठ्यानं मधला थर दाबा. बारीक भेगा दिसल्या किंवा दाबल्यावर खळगा राहिला तर तो बूट नेऊ नका. मग घरापासून दोन-तीन मोठ्या चाली, त्यातली एक भिजून.

तरीही निघालाच तर टेप ओल्या बुटाला चिकटत नाही, वेळ घालवू नका. दोरीनं दोन ठिकाणी बांधा: बोटांच्या मागं चवड्यावर आणि टाचेच्या पुढं. दोरी तळाच्या खाचेत बसली पाहिजे, उंचवट्यावरून गेली तर शंभर पावलांत कापली जाते. गाठ वर. एवढ्यावर पठार आणि बैलगाडीची वाट निघते. क्लॉगवर निघत नाही असं नाही, पण सपाटीला. उताराला क्लॉगमधला पाय आतल्या आत सरकतो आणि घोटा मुरगळतो.

गगनबावडा_एक्सप्रेस (१:३२)
बूट वाळवायला चुलीजवळ ठेवतात सगळे.

सोलवाला (१:३८)
आणि सकाळी सोल हातात घेऊन बसतात. गोंद उष्णतेनं सुटतो. बुटाच्या आतला सुटा सोल (इनसोल) काढायचा, रद्दी पेपर सैलसर कोंबायचा, तासाभरानं ओला पेपर काढून कोरडा घालायचा, झोपायच्या आधी तिसऱ्यांदा. पेपर गच्च दाबून भरला तर हवा फिरत नाही. पूर्ण वाळणार नाही, पण सकाळी पाणी निथळणार नाही एवढा होतो. क्लॉगही आगीपासून लांब. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचेमागं ठेवले तरी ते आकसून एक नंबरनं लहान होतात, चुलीचं तर बोलूच नका.

वाडीवरचा (संध्याकाळी ६:०२)
तुमचं सगळं खरं, पण मुक्कामावरची खरी अडचण कोणीच लिहिली नाही. पन्नास माणसांचा ग्रुप, पंचवीस जोड काळे क्लॉग, सगळे एका दारात. रात्री दोनला उठणारा पायाला लागेल ते घालून जातो. लाल-पिवळा लोकरीचा धागा टाचपट्ट्याला बांधा. आणि चप्पल रात्री बाहेर ठेवूच नका, वाडीतली कुत्री उचलून नेतात. फोम चावायला त्यांना फार आवडतो. पिशवीत घालून उशाला.

तांबडापांढरा (६:०५)
पायातली वहाण पायातच बरी म्हणायचे, ती आता उशाला.

पांढरे_पाय (६:२०)
सॅकला बाहेर लटकवून नेऊ नका हेही सांगा. हेलकावे खाते, करवंदीच्या जाळीत अडकते, आणि पावसात क्लॉग म्हणजे दोन वाट्या, भरून घेतात. तळाला तळ लावून बाजूच्या पट्ट्याखाली घट्ट, नाहीतर पिशवीत घालून सॅकच्या अगदी वरती. भोकांच्या क्लॉगमध्ये जळवांना आयती दारं असतात, म्हणून जिथं जळवा असतील तिथं संध्याकाळी गवतात फिरायचं तर मोजे विजारीवर ओढून घ्या.

निसरडी_वाट (बुधवार, रात्री ८:४५)
सगळ्यांचे आभार. क्लॉग घेतले, लक्ष्मीपुरीत, ३५० रुपये. बादलीची कसोटी पास, ९ ग्रॅम वाढलं. पण कोरडं वजन ३१२ भरलं. माझ्या अटीपेक्षा १२ ग्रॅम जास्त. परत करू का?

ग्रॅममोजणी (८:५१)
वरची शोभेची बटणं काढ, पाच-सहा ग्रॅम तिथंच जातात.

तांबडापांढरा (८:५३)
उरलेल्या सहा ग्रॅमची शेंगदाण्याची चटणी पहिल्या रात्रीच जास्त खा. हिशोब बरोबर.

सोलवाला (९:०२)
१२ ग्रॅम सोड. सकाळी नाश्त्याला मिसळ खाऊन निघणार आहेस, तिथं कोण मोजतंय. वजन पाठीवर आहे, पायात नाही. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, त्याची तिथं चिंता कर. तू फक्त एक बघ. क्लॉग घाल, टाचपट्टा मागं घे, बादलीत पाणी भरून पाय आत बुडव आणि दहा वेळा जोरात झटक. जाड मोज्यासकट आणि मोज्याशिवाय, दोन्ही.

निसरडी_वाट (९:२५)
मोज्यासकट दोन्ही टिकले. मोज्याशिवाय उजवा टिकला, डावा सातव्या झटक्याला निघाला.

आरीदोरा (९:३१)
डाव्याचा पट्टा वर सरकत असणार, रिव्हेट सैल आहे. दोन्ही बाजूंना आत्ताच केबल टाय मार, तुटायची वाट बघू नकोस. आणि ओढा मोज्यासकट पार कर, जुन्या मोज्याची एक जोडी त्यासाठीच ठेव. पाण्यात मोजा ओला झाला तरी पकड राहते.

निसरडी_वाट (९:४८)
मारले. गाठ बाहेर. पंधरा झटके, दोन्ही पायात आहेत. बाथरूम सोडून घरभर पाणी झालंय.